मुलांचा संधिवात व हातांचे व्यायाम
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संधिवात म्हटला की काठी टेकीत चालणारे आजोबाच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु हा विकार मुलांसही होतो. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल ह्यांनी १८९७ सालीच त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. सोळा वर्षांच्या आत सांधे सुजले, सूज सहा आठवडे टिकली आणि दुसरे कारण सापडले नाही, तर तज्ज्ञ त्यास मुलांचा संधिवात म्हणतात. सकाळी बोटे आखडतात, सदऱ्याची गुंडी लागत नाही, वेणी घालवत नाही. ऊन चढले की तेच मूल खेळू लागते. आपण त्यास आळशी ठरवून मोकळे होतो!

मुलगी असल्यास तर दुखणे झाकूनच ठेवले जाते. 'उद्या स्थळ कसे मिळणार?' ही चिंता आम्हांस समजते. परंतु झाकण्यात जे महिने जातात त्यांत सांध्यांची कायमची झीज होऊ शकते. वेळीच उपचार झाले तर पुष्कळ मुले शिक्षण, नोकरी व संसार नीट करतात. अनेकांस मेथोट्रेक्सेट हे औषध दिले जाते. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. ही चूक घातक ठरते.

औषधाच्या जोडीला हातांचा व्यायाम हवा. इंग्लंडमध्ये ४९० प्रौढ रुग्णांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या उपचारांबरोबर हातांचे व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षाअखेर अधिक कामाचे राहिले. मुलांचा व्यायाम मात्र तज्ज्ञांनीच ठरवावा. साधारण रीत अशी: हात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावेत. मग मनगट सावकाश वरखाली करावे. बोटे सरळ ठेवून प्रथम आकड्यासारखी वाकवावी, पुन्हा सरळ करून पुरती मूठ वळावी. पंजा टेबलावर पालथा ठेवून बोटे पसरावी व जवळ आणावी. अंगठ्याचे टोक एकेका बोटास लावीत करंगळीपर्यंत जावे. सूज ओसरल्यावर कणकेचा मऊ गोळा दाबण्यास हरकत नाही. पोळ्या लाटणाऱ्या आजीच्या शेजारी बसून हा व्यायाम मुले आनंदाने करतात. सांधा गरम व सुजलेला असता जोर लावू नये, तेल लावून रगडू तर मुळीच नये. व्यायामानंतर दुखणे दोन तासांहून अधिक राहिले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे.

लिहिण्यास जाड लेखणी द्यावी, तांब्या दोन्ही तळव्यांनी उचलू द्यावा, आणि शाळेतील शिक्षकांस दुखण्याची कल्पना द्यावी.

आणखी एक गोष्ट. ह्या विकारात कित्येक मुलांच्या डोळ्यांच्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, आणि दृष्टी मात्र हळूहळू जाऊ शकते. म्हणून तक्रार नसली तरी नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेल्या मुदतीने डोळे तपासून घ्यावेत.