वृद्धनिवासातील दुरुस्ती व प्रशिक्षण : भार कोणाचा?



दुसऱ्याच्या नावाने वृद्धनिवास चालविणारा फ्रँचायझीधारक नावाचे शुल्क भरतो. गळके छप्पर व सेविकांचे प्रशिक्षण यांचा खर्चही सामान्यतः त्याच्याच माथी असतो. उत्पन्न घटताच कात्री प्रथम यालाच लागते.

ब्रिटनची सदर्न क्रॉस कंपनी फ्रँचायझी नव्हे, तरी तिचे उदाहरण बोलके आहे. इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या. करारानुसार भाडे वाढत गेले, खाटा मात्र रिकाम्या राहू लागल्या. २०११ मध्ये कंपनी कोसळली, तेव्हा सुमारे ७५० गृहांतील ३१,००० रहिवाशांचा प्रश्न उभा राहिला. दुकान बुडाले तर माल हलविता येतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोठे हलविणार? म्हणून दुरुस्ती व प्रशिक्षणाचा निधी शुल्काआधी स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, असे कलम करारातच हवे.