उंबरठ्यावरचा आकडा



वसंतातल्या या व्यासपीठावरून संगणकावरच्या खेळाविषयी बोलावयाचे, हे थोडे धाडसच. तथापि ज्या गावात १८५६ साली लोकमान्य टिळकांसारखा गणिताचा शिक्षक जन्मला, तेथे आकड्यांविषयी बोलण्यास भिण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न लहानसा आहे. यंत्र खेळणाऱ्याला एक आकडा विचारते. आलेला आकडा आत घ्यावा की उंबरठ्यावरूनच परत पाठवावा, हे कशावरून ठरवावे?

उदाहरणाला आपल्याच मातीतला खेळ घेऊ. देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक मौज शोधून काढली. चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात. मग ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ वजा करताच ६१७४. पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ काही हलत नाहीत. फार तर सात पायऱ्यांत आपण तेथे पोहोचतो.

आता याचा खेळ करू. खेळाडूने एक संख्या द्यावी आणि किती पायऱ्यांत ६१७४ येतील, तेही आधीच सांगावे. म्हणजे यंत्राला दोन आकडे विचारावे लागणार.

पहिली तपासणी अशी, की आलेला मजकूर आकडा तरी आहे काय? कोणी ‘बारा’ असे अक्षरांत लिहील, कोणाचे बोट चुकून भलत्याच कळीवर पडेल. सी भाषेत आकडा वाचण्याची जी नेहमीची सोय आहे, ती अक्षर आले की ते उचलतच नाही, जागीच ठेवते. मग ‘चुकले, पुन्हा वाच’ एवढेच सांगणारा प्रोग्रॅम त्याच अक्षराला पुन्हा पुन्हा अडखळतो आणि जन्मभर तेथेच फिरत राहतो. यावर उपाय सोपा आहे. आधी सगळी ओळ मजकूर म्हणून घ्यावी आणि मग पारखावी. आमची मुले देवनागरी अंकही लिहितील. पायथन भाषा ते समजून घेते, सी घेत नाही. मुलाचा त्यात अपराध कोणता?

दुसरी तपासणी मर्यादेची. ० ते ९९९९ म्हटले की काम झाले, असे वाटते. पण २१११ घेऊन पाहा. २१११ मधून १११२ गेले की ०९९९ उरतात. पुढचे शून्य बिनकामाचे म्हणून टाकले, तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती भोपळा! शून्य राखले तर चार पायऱ्या पुढे ६१७४ नेमके भेटतात. येथे नुसता लहानमोठेपणा पाहून भागत नाही. अंक चार आहेत ना, हे मोजावे लागते.

तिसरी तपासणी आम्हां रत्नागिरीकरांना समजावून सांगावयास नको. हापूस बाहेरून कसा सोन्यासारखा दिसतो आणि कापल्यावर आत साका निघतो! ११११ ही संख्या तशीच आहे. चार अंकी आहे, मर्यादेत आहे, पण पहिल्याच वजाबाकीत शून्य होते. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या १०,००० संख्यांत अशा साक्याच्या संख्या दहा. उरलेल्या ९,९९० खुशाल आत घ्याव्यात.

आता पायऱ्यांचा आकडा. नवशिका चटकन ‘१ ते ७’ लिहितो. पण कोणी ६१७४ हीच संख्या दिली आणि पायऱ्या ‘०’ सांगितल्या, तर? त्याचे उत्तर बरोबर असूनही यंत्र त्याला हाकलून देणार. अयोग्याला आत घेणे ही जशी चूक, तशीच योग्याला बाहेर ठेवणे हीदेखील चूकच. ‘शंभरच्या आत’ आणि ‘शंभरपर्यंत’ यांतला फरक आपण बोलताना सोडून देतो; यंत्रापुढे तो सोडून चालत नाही. मर्यादा सवयीने ठरवू नये, ती विषयाला विचारून ठरवावी.

नकार देण्याचीही रीत असते. खेळाडूने १२ सांगितले, तर गुपचूप त्याचे ७ करू नयेत. पडद्यावरची होडी कडेला गेली, तर तिला कडेशीच थांबविणे योग्य; पण माणसाचा शब्द त्याला न विचारता बदलणे योग्य नव्हे. ‘० ते ७ मधील आकडा हवा, आपण १२ दिलात’, असे सांगून पुन्हा विचारावे.

खेळात चुकले तर डाव जातो, एवढेच. परंतु सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन आरमाराच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर कोणीतरी एका रकान्यात शून्य भरले. प्रोग्रॅमने ते न तपासता भागाकारात घेतले, संगणकांचे जाळे कोलमडले आणि जहाजाची चालक यंत्रणा काही तास बंद पडली. मिरकरवाड्याहून दर्यावर जाणाऱ्यांना भर समुद्रात यंत्र थांबणे म्हणजे काय, हे आम्ही काय सांगावे? शून्य भरणाऱ्याला बोल लावणे सोपे आहे. माणूस चुकणारच, म्हणून तर उंबरठ्यावर कोणी जागे असावे लागते. आमच्या मुलांनी हा जागता पहारा खेळातच शिकून घ्यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.