पात्याच्या पोटात काय आहे?

जेट इंजिनातलं टर्बाइनचं पातं बाहेरून भरीव दिसतं, पण आतून ते पोकळ असतं. त्याच्यावर आदळणारा वायू पात्याच्या निकेल मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असू शकतो. म्हणून आतल्या अरुंद वाटांतून हवा खेळवून पातं थंड ठेवतात. या वाटा घडवायला ओतकामाच्या साच्यात सिरॅमिकचा गाभा बसवतात आणि नंतर तो रसायनानं विरघळवून काढतात. त्याचा एखादा तुकडा आत राहिला, की हवा अडते आणि पातं नेमकं तिथेच भाजून निघतं. ओतताना गाभा जरासा सरकला, तरी एका बाजूची भिंत पातळ होते.

पातं न कापता हे बघायचं कसं? सीटी स्कॅननं. दवाखान्यात यंत्र रुग्णाभोवती फिरतं. इथे बहुधा पातंच फिरत्या चकतीवर ठेवतात. वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरणांच्या शेकडो, कधी हजारो प्रतिमा घेतल्या जातात. त्यांतून संगणक त्रिमितीय चित्र उभं करतो आणि भिंतीची जाडी थेट पडद्यावर मोजता येते.

पण सगळंच दिसतं असं नाही. निकेल क्ष-किरण भरपूर शोषून घेतं, म्हणून 450 किलोव्होल्टपर्यंतची यंत्रं वापरावी लागतात. कडा घट्ट मिटलेली बारीक चीर तरीही निसटू शकते. ती पृष्ठभागावर उघडत असेल, तर अतिनील प्रकाशात चमकणारा द्रव लावून बघायची जुनी पद्धत स्वस्तही पडते आणि सरसही ठरते.