लष्करी लिलावातली गाडी घेताना



आज पिकाबद्दल नाही, तर गावोगाव दिसणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलू. ती म्हणजे लष्कराने वापरून काढलेली गाडी. आपण तिला डिस्पोजलची गाडी म्हणतो. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक, निस्सानचे एक टनी ट्रक, जोंगा गाड्या लिलावात निघाल्या आणि कुणी टँकर केला, कुणी ऊस ओढला, कुणी वर क्रेन बसवली. हे ट्रक दणकट खरे, पण जुने. जोंगाचं उत्पादन १९९९ साली बंद झालं. म्हणजे सर्वांत नवी जोंगासुद्धा आता पंचवीस वर्षांपुढची.

एक गोष्ट सांगतो, ती मला अजून सलते. २०१६ च्या दुष्काळात मी नोकरीत नवा होतो. आमच्या भागातल्या चार भावकीतल्या शेतकऱ्यांनी बागा जगवायला डिस्पोजलचा एक ट्रक घेतला. मला बोलावलं, "साहेब, बघा जरा." मी इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणालो, "चांगला आहे." टाकी मात्र आतून बघितली नाही. तिला पडदे नव्हते. अर्धी टाकी भरून येताना वळणावर पाणी एका अंगाला गेलं आणि ट्रक कलंडला. चालकाचा हात कायमचा अधू झाला. टाकी बसवल्याची नोंद कागदावर नव्हती, म्हणून विम्याचे पैसेही अडले. बागा गेल्या, कर्ज मात्र राहिलं. तेव्हापासून मी नुसता आवाज ऐकून मत देत नाही.

आधी कागद. लष्कराच्या गाडीची नोंदणी वेगळी असते. ती खासगी मालकाकडे आली की आर.टी.ओ.कडे रीतसर नोंदवावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी रद्द धरतात आणि ती भंगार केंद्राकडे जाते. संरक्षणाच्या कामगिरीवरची खास वाहने यातून वगळली आहेत. म्हणून बोली लावण्याआधी लिलावाच्या अटी वाचा. "भंगार म्हणून विक्री" असं लिहिलं असेल तर ती गाडी रस्त्यासाठी नाही. मध्यस्थ म्हणेल, "कागद मागाहून होतील." कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. अडचण वाटली तर आर.टी.ओ. कचेरीत जाऊन विचारा.

मग तपासणी. गाडी बरीच वर्षं उभी असते. उन्हाने टायरला चिरा पडतात, ब्रेकचे रबरी वॉशर आणि नळ्या कडक होतात, डिझेलच्या टाकीत गंज धरतो. ब्रेक आधी दुरुस्त करा, इंजिन नंतर. चासी धुऊन, तारेच्या ब्रशने घासून बघा. पाट्यांच्या खुंट्यांजवळ बारीक तडा असतो, तो रंगाखाली दडलेला असतो. लष्करी गाड्यांची वायरिंग बहुधा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टचा बल्ब लावला तर लगेच उडतो.

टाकी बसवताना. ५,००० लिटर पाणी म्हणजे ५ टन वजन, वर टाकीचं वजन वेगळं. गाडीच्या पाटीवर आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या भारापेक्षा जास्त नको. टाकीच्या आत आडवे आणि उभे पडदे बसवा. त्यांना पाणी जाण्यापुरती भोकं आणि माणूस उतरून साफ करेल एवढी वाट ठेवा. टाकी शक्य तितकी खाली बसवा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, आडवं वेल्डिंगही करू नका. तडा तिथूनच सुरू होतो. आधी जोडचौकट करून ती यू-बोल्टने आवळा.

इंजिन बदलताना. पेट्रोल पिते म्हणून जोंगाला डिझेल इंजिन बसवतात. इंजिन बदलायचं किंवा बांधणी बदलायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आर.टी.ओ.ची मंजुरी आणि पुस्तकात नोंद लागते.

चारही चाकांची ओढ. पुढच्या चाकांची ओढ चिखलातच लावा, आणि रुतण्याआधी लावा. डांबरी रस्त्यावर काढून ठेवा. तिथे वळताना चाकं घसरत नाहीत, ताण गिअर पेटीवर येतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

शेवटी हिशेब मांडा. किंमत, दुरुस्ती, टायर, विमा आणि रोजचं इंधन एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला वर्षात गाडी किती दिवस खरंच लागते ते लिहा. पंधरा-वीस दिवसांपुरती लागत असेल तर भाड्याचा टँकर स्वस्त पडतो. जास्त लागत असेल तर चौघांनी मिळून घ्या, पण कागद एकाच्या नावावर आणि हिशेब चौघांच्या सहीचा ठेवा.

गाडी घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पाणी आणणारा माणूस घरी सुखरूप आला, तर त्या पाण्याला अर्थ.

रामराम.