बंदराला उघाडी हवी

समुद्राकडून जमीन मिळवणे ही कोकणच्या शेतकऱ्याला नवलाची गोष्ट नाही. खाडीच्या काठी खारबांध घालून त्याने पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवले आहे. परंतु त्या बांधात तो एक उघाडी ठेवतो. भरतीला तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते, आणि साचलेले पावसाचे पाणी खाडीत निघून जाते. उघाडी न ठेवता बांध घातला, तर पहिल्याच पावसाळ्यात शेत बुडालेच म्हणून समजा! हाच न्याय मोठमोठ्या बंदरांनाही लागू आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

हल्ली समुद्रावरून जाणारा पुष्कळसा तयार माल कंटेनरमधून जातो. कंटेनर म्हणजे वीस किंवा चाळीस फूट लांबीचा पोलादी पेटारा. वीस फुटी मापाचे २४ हजार पेटारे एका खेपेत नेणारी जहाजे आज आहेत. त्यांना सोळा मीटरहून अधिक खोल पाणी लागते, आणि पेटारे रचून ठेवायला ऐसपैस आवार लागते. जुन्या, नदीकाठच्या बंदरांत या दोहोंची वानवा. म्हणून बंदरे हळूहळू समुद्रात सरकू लागली.

हॉलंडमधील रॉटरडॅमचेच पाहा ना. २००८ ते २०१३ या काळात तेथे सुमारे २४ कोटी घनमीटर वाळू टाकून समुद्रात २ हजार हेक्टरांचा विस्तार करण्यात आला. पण काम सुरू होण्यापूर्वीच, २००५ साली, तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ही योजना अडवली होती. शेतकरी, मच्छीमार आणि निसर्गरक्षक संस्था तक्रार घेऊन गेल्या होत्या. माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर उत्तरेच्या उथळ समुद्राकडे वाहत जातात. हा भराव त्यांच्या वाटेत येईल काय, याचा पुरेसा तपास झालेला नाही, असे न्यायपीठाने ठरवले. मग तो तपास झाला, योजना पुन्हा मांडली गेली, आणि त्यानंतरच पहिली वाळू पडली.

आता इंजिनियरांनी काय केले ते पाहू. वाळू त्यांनी दूर समुद्रातून, आणि खोल खणून काढली. कारण उथळ खणले असते तर तळाचा कितीतरी मोठा पट्टा उकरला गेला असता. जेथे वादळी लाटांचा मारा थेट बसतो तेथे दगडगोट्यांचा व काँक्रीटच्या ठोकळ्यांचा बांध घातला. हे चाळीस-चाळीस टनांचे ठोकळे जुन्याच बांधातून काढून पुन्हा वापरले. उरलेल्या बाजूला मात्र भिंत नाही. आहे तो वाळूचा उतार आणि वाळूच्या टेकड्या.

वाळू लाटेला कशी अडवील? शिक्षकबंधूंनी वर्गात एक परात घ्यावी. एका बाजूला वीट उभी करावी, दुसऱ्या बाजूला वाळूचा उतार करावा, आणि पाणी हलवावे. विटेवर आपटून लाट परत फिरते व विटेच्या पायाशी पोखरू लागते. उतारावर चढता चढता ती दमून जाते. मुलांना हे एकदा दाखवले की पुन्हा सांगावे लागणार नाही.

गेलेल्या समुद्रतळाच्या बदल्यात जवळच्या २५ हजार हेक्टर समुद्राला संरक्षण देण्यात आले. जड साखळ्यांनी तळ खरवडणाऱ्या मोठ्या नौकांना तेथे मज्जाव झाला. पण पुढे मोजणी केली तेव्हा तळाच्या जीवसृष्टीत अपेक्षित सुधारणा स्पष्टपणे दिसली नाही. शिवाय त्या भरपाईचा काही भार मासे धरणाऱ्यांवरच पडला. निसर्गाचा हिशेब वेगळा आणि माणसाचा वेगळा. दोन्ही मांडावे लागतात.

हे सारे दूरदेशीचे झाले, असे कुणी म्हणेल. पण पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे कंटेनर बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेथे समुद्राला वीस मीटरची नैसर्गिक खोली आहे, आणि १,४४८ हेक्टरांचा भराव योजलेला आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ सालीच जाहीर झालेला. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो काही हट्टापायी नव्हे. पापलेट आणि घोळ हेच त्यांचे शेत आहे, आणि या शेताचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. मग भरपाई कोणाला आणि कशाच्या आधारावर द्यायची?

बंदरे नकोत असे मी म्हणत नाही. व्यापार वाढला तर देशाला ती लागणारच. पण वाळू कोठून काढणार, प्रवाह कसा वळणार, मासा कोठे जाणार, कोळ्याच्या मुलाला कोणते काम मिळणार, आणि पाच-दहा वर्षांनी हे सारे मोजून गावापुढे कोण ठेवणार, हे प्रश्न भराव पडण्यापूर्वी विचारले पाहिजेत. बांध बांधून झाल्यावर त्याला उघाडी पाडणे किती अवघड असते, हे खारभूमीच्या शेतकऱ्याला विचारावे.