हजेरीपटाबाहेरची माणसं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

डोंबिवलीत स्फोट झाला की पहिली बातमी येते ती ‘बॉयलर फुटला’ अशी. २६ मे २०१६ रोजी एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला तेव्हा तसंच सांगितलं गेलं. २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये झाला तेव्हाही तसंच. नंतर कळलं ते वेगळंच. प्रोबेसच्या चौकशी अहवालाने प्रोपार्जिल क्लोराइड या अतिज्वालाग्राही रसायनाकडे बोट दाखवलं आणि अमुदानमध्ये फुटला तो रिअ‍ॅक्टर.

बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारं भांडं. सरकारी मराठीत त्याला ‘बाष्पक’ असा भारदस्त शब्द आहे, आणि त्याच्यासाठी १९२३ सालापासून स्वतंत्र कायदा होता. त्या जागी २०२५ मध्ये नवा आला. रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्या पात्रात रसायनांची प्रक्रिया होऊन नवं रसायन तयार होतं ते. तिथे उष्णता किती वाढतेय, थंड पाणी चालू आहे का, यावर कुणीतरी सतत नजर ठेवायची असते. बॉयलर म्हटलं की भांड्याचा दोष, रिअ‍ॅक्टर म्हटलं की मग तिथे उभा कोण होता, त्याला शिकवलं कुणी, तो किती तास जागा होता, असे प्रश्न सुरू होतात. मी कविता लिहिणारा माणूस, शब्दांवर अडणं हा माझा जुना रोग आहे. पण इथे अडायलाच हवं असं मला वाटतं.

कवितेने घर चालत नाही. बी. ए. झाल्यावर मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथे आमच्या खात्याला तेव्हा ‘पर्सोनेल’ म्हणत. पुढे पाटी बदलली आणि ‘एचआर’ झालं, म्हणजे मानव संसाधन. वीज, पाणी, वाफ आणि माणूस! आधीचा ‘कामगार कल्याण अधिकारी’ हा शब्द मला बरा वाटायचा, निदान त्यात कल्याण करण्याचं ओझं तरी होतं.

या खात्याचं सुरक्षिततेशी काय नातं, असं पुष्कळांना वाटतं. सुरक्षा म्हणजे हेल्मेट, बूट, अग्निशामक नळकांडी. ते बघायला सेफ्टी ऑफिसर आहे. पण तो असतो कुठे? नव्या कायद्याप्रमाणे धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले की तो नेमावा लागतो, इतर कारखान्यांत ५०० झाल्यावर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिरून या. तीस-चाळीस माणसांचे कारखाने गल्लोगल्ली सापडतील. तिथे सेफ्टी ऑफिसर, एचआर आणि कँटीनची कुपनं वाटणारा हा बहुधा एकच गृहस्थ असतो.

आता २०२४ ची गोष्ट पाहा. स्फोटानंतर मृतांचा आकडा कित्येक दिवस बदलत राहिला. काहींची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. आग भयंकर होती हे खरंच. पण आगीशिवाय आणखी एक कारण अशा प्रत्येक ठिकाणी संभवतं. कायम कामगारांचा हजेरीपट ऑफिसात असतो, कंत्राटी कामगारांचा कंत्राटदाराच्या पिशवीत. वेल्डिंगला आलेला, टँकर घेऊन आलेला, भंगार उचलायला आलेला, यांची नावं फार तर गेटवरच्या वहीत. आणि वही त्याच आगीत. दुपारी एकच्या पुढे आत नेमकी किती माणसं होती, हे सांगणारा कागद गेटबाहेर दुसऱ्या ठिकाणी असायला हवा. याला पैसा लागत नाही. रोज प्रत्येक पाळीला एक यादी बाहेर पाठवायची, आणि भोंगा झाल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं ती जागा ठरवून तिथे नावं पुकारायची. हे काम इंजिनिअरचं नाही, हजेरी घेणाऱ्याचं आहे.

प्रोबेसमध्ये १२ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. खूप अंतरावरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मृतांत मालकांच्या घरातली माणसंही होती. धोका कामगाराच्या वाट्याचा आणि नफा आपल्या वाट्याचा, असा हिशेब कुणी मनात करत असेल तर त्याने हे लक्षात ठेवावं. तो अहवाल लोकांच्या हाती आला तो माहितीच्या अधिकारात, तोही उशिरा. खरं तर असा अहवाल शेजारच्या प्रत्येक कारखान्यात दुसऱ्याच आठवड्यात मोठ्याने वाचला जायला हवा होता. कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या, कारखाने आधी की घरं आधी हा वादही झाला. त्यात मी शिरत नाही, डोंबिवलीकरांना तो पाठ आहे.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव नको. जमिनीखालच्या एका टाकीत उतरून गाळ काढायचा होता. एक हेल्पर उतरेना. म्हणाला, वास वेगळा येतोय. सुपरवायझर तावातावाने आमच्याकडे आला, याला मेमो द्या म्हणाला. आमचे पर्सोनेल ऑफिसर जुने गृहस्थ होते, पान खायचे, फार बोलत नसत. त्यांनी मेमोचा कागद पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘देतो. पण याच्याऐवजी कोण उतरणार, त्याचं नाव सांगा. तेही याच कागदावर लिहितो. आणि खाली तुमची सही.’’ सुपरवायझर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. दुपारी टाकीची झाकणं उघडून पंखा लावला गेला, हवा तपासली गेली, मग दोरी बांधून माणूस उतरला. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो. जास्त प्रमाणात असला तर नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. गटारांच्या आणि सेप्टिक टँकच्या बातम्यांत तुम्ही हा क्रम वाचला असेल.

त्या गृहस्थांनी कुठलं यंत्र हाताळलं नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मागे ते उभे राहिले, इतकंच. १९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. जिवाला तातडीचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं, तर कामगार ते व्यवस्थापनाला आणि सरकारी निरीक्षकाला कळवू शकतो, आणि मग तत्काळ उपाय करणं मालकावर बंधनकारक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही हा हक्क ठेवलेला आहे. पण कळवणाऱ्याचं पुढे काय होतं? कंत्राटी असेल तर दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच होतं. त्याला मेमोसुद्धा लागत नाही. म्हणून कायद्यातलं कलम आणि टाकीचं तोंड यांच्यामध्ये कुणीतरी माणूस लागतो.

कारखान्यांच्या फाटकावर फलक असतो, ‘अपघाताविना इतके दिवस’. आकडा मोठा झाला की मिठाई, कधी टिफिनचा डबा बक्षीस. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. बोट चेचलं तर माणूस फडकं बांधून गप्प बसतो, कारण त्याच्या एका बोटापायी सगळ्यांचे डबे जातात. लिहायला हवं ते याच्या उलट: आज काय होता होता राहिलं. पाना वरून पडला आणि कुणाला लागला नाही, व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला आणि वेळीच लक्षात आलं. ‘थोडक्यात वाचलो’ हे वाक्य आपण चहाच्या टपरीवर सांगतो, नोंदवहीत लिहीत नाही.

भाषेचंही बघा. रसायनाच्या पिंपावर सूचना इंग्रजीत, फलक मराठीत, आणि पिंप ढकलणारा बलियाचा किंवा गंजामचा. जुन्या कारखाना कायद्यानेही कामगारांच्या बहुसंख्येला समजेल त्या भाषेत सूचना लावायला सांगितलं होतं. तिथे मराठीचा अभिमान मधे आणू नये, असं मी मराठीतच लिहिणारा माणूस सांगतो.

आणि सगळेच अपघात आवाज करून येत नाहीत. काही आवाजच हळूहळू माणूस खातो. भिवंडीला आमचे नात्यातले कितीतरी लोक यंत्रमागावर होते. माझे मामू घरात ओरडून बोलायचे. आम्हा पोरांना ते रागीट वाटायचे. लग्नात कुणी कुजबुजलं की ते नुसते हसायचे, म्हणजे ऐकू आलेलं नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, पण मामूंचे कान कुणी कधी तपासले नाहीत. त्यांची नोंदच कुठे नव्हती. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे, आणि ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीही. नेमणूकपत्राला आपण पगाराचा कागद समजतो. पण तो हातात असला तर दवाखान्यात, विम्याच्या कचेरीत आणि दुर्दैवाने गरज पडलीच तर नुकसानभरपाईच्या दाव्यात, हा माणूस तिथे कामाला होता हे सिद्ध करायला वर्षं जात नाहीत.

ठाणे जिल्ह्यात हे फक्त रसायनांपुरतं नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर यंत्रासह कोसळला, २० माणसं गेली. पुढच्याच महिन्यात बाळकुमला बांधकामाची लिफ्ट पडून ७ कामगार गेले. दोन्हीकडे परगावची, परप्रांतातली माणसं.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात किंवा साइटवर जात असेल तर जेवताना त्याला चार गोष्टी विचारा. नेमणूकपत्र मिळालं का? विम्याचा क्रमांक काय? कंत्राटी असेल तर कंत्राटदाराचं पूर्ण नाव काय? आणि हाताळतोस त्या रसायनाचं नाव काय? जखमीला दवाखान्यात नेलं की डॉक्टर हे शेवटचं पहिल्यांदा विचारतात. तुम्ही स्वतः एचआरमध्ये असाल तर उद्याच्या पहिल्या पाळीची यादी गेटबाहेर कुठे ठेवायची ते आज ठरवा. आणि एमआयडीसीलगतच्या सोसायटीत राहत असाल तर आणखी एक. कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना करणं जिल्हाधिकाऱ्यांचं काम आहे, आणि बाधित होऊ शकणाऱ्या शेजाऱ्यांना माहिती देणं हे १९८९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा विषय संपला की विचारून घ्या, भोंगा झाला तर खिडक्या लावून घरात बसायचं की बाहेर पडायचं, आणि पडायचं तर वारा बघून कुठल्या रस्त्याने.