हरवलेलें चित्र

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ह्या स्मरणिकेसाठीं जुनीं छायाचित्रें जमविण्याचें काम गेले कांहीं महिने चाललें आहे, हें आपणांस ठाऊक आहेच. पुष्कळ चित्रें मिळालीं. त्यांत पाहुणे आहेत, हारतुरे आहेत, कोनशिला आहेत. परंतु चुना कालविणारी एकही बाई त्यांत नाहीं. माझ्या आजीचें तर कोणतेंच छायाचित्र कोठें सांपडलें नाहीं. तिच्या लाल लुगड्याचा रंग मला आठवतो. तोंडवळा मात्र दरवर्षीं थोडाथोडा पुसट होत चालला आहे. अशा मनःस्थितींत मीं एक चित्रपट पाहिला, आणि आज आपणांपुढें त्याविषयींच बोलण्याचें योजिलें आहे.

कथापट व माहितीपट हे दोन प्रकार आपण सर्वच जाणतों. तिसरा एक प्रकार आहे. त्यास निबंधपट म्हणतात. जर्मन चित्रपटकार हान्स रिश्टर ह्यानें १९४० सालींच ह्या प्रकारावर लेख लिहिला होता. येथें बहुधा कथानक नसतें. जुन्या चित्रफिती, पत्रें, कागद समोर मांडून कर्ता जणूं मोठ्यानें विचार करीत असतो, आणि आपण तो ऐकत असतों.

ह्या प्रकारांतील एक नामांकित कृति म्हणजे क्रिस मार्कर ह्या फ्रेंच गृहस्थाचा सायबेरियावरील पट (१९५७). त्यांत याकुत्स्क शहरांतील रस्त्याचें एकच दृश्य लागोपाठ तीन वेळां दाखविलें आहे. तीच बसगाडी, तेच रस्ता दुरुस्त करणारे मजूर. बदलतें तें केवळ निवेदन. पहिल्या वेळीं रशियन राज्याची स्तुति, दुसऱ्या वेळीं निंदा, तिसऱ्या वेळीं तटस्थ वर्णन. आणि खेदाची गोष्ट ही कीं, तिन्ही वेळां आपणांस तें पटूं लागतें! ‘डोळ्यांनीं पाहिलें’ ह्या शब्दांवर आपण किती भार टाकतों, ह्याचा विचार मला तेव्हां प्रथम पडला.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. रिती पान्ह हे कंबोडियाचे चित्रपटकार. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज सैन्यानें नॉम पेन्ह राजधानी घेतली आणि लागलीच सारें शहर रिकामें करविलें. रुग्णालयांतील आजारी माणसेंसुद्धां रस्त्यावर काढलीं. जानेवारी १९७९ पर्यंत ती राजवट टिकली. तेवढ्या अवधींत उपासमार, अतिश्रम, रोग व हत्या ह्यांनीं १५ ते २० लक्ष माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या वेळीं कोवळ्या वयाचा असलेला हा मुलगा वांचला, १९७९ सालीं थायलंडच्या निर्वासित छावणींत पोंचला आणि पुढें फ्रान्समध्यें चित्रपटकला शिकला. मायबाप व बरेचसे आप्त तो तिकडेच गमावून आला होता.

त्यांचा ‘द मिसिंग पिक्चर’ हा पट २०१३ चा. अडचण अशी कीं, त्या चार वर्षांच्या चित्रफिती आहेत, पण त्या मारणाऱ्यांनीं घेतलेल्या! मातीच्या पाट्या वाहणाऱ्या शिस्तबद्ध रांगा, टाळ्या वाजविणारे पुढारी, हसरा पोल पॉट. उपासमारीचें चित्र कोण घेणार? ज्याच्या हातीं कॅमेरा, त्याचीच स्मृति दप्तरांत जमा झाली. मग पान्ह ह्यांनीं काय केलें? मातीच्या लहान लहान बाहुल्या घडवून घेतल्या, रंगविल्या. घर, शेत, इस्पितळ सारें मांडलें, आणि त्या बाहुल्या जुन्या सरकारी चित्रफितींच्या शेजारीं ठेविल्या. मातीचा माणूस ही कल्पना आपणां श्रोत्यांस नवी नाहीं. तरी खरें सांगावयाचें तर पहिलीं दहा मिनिटें मला हा पोरखेळ वाटला. एवढ्या घोर दुःखास बाहुल्या? पुढें ध्यानांत आलें कीं, बाहुली हलत नाहीं, रडत नाहीं, आपण खऱ्याच आहोंत असा आवही आणीत नाहीं. नटानें केलेलें मरण पाहून आपण चार अश्रु ढाळून मोकळे झालों असतों. येथें तशी सुटका नाहीं.

त्यांचे वडील शिक्षणखात्यांत अधिकारी होते. पांढऱ्या पोशाखांतली त्यांची बाहुली एकदां पाहिली म्हणजे विसरत नाहीं. माणसास न शोभणारें अन्न खाऊन जगणें त्यांनीं नाकारलें, आणि ते वारले. रीतसर अंत्यविधि होणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्या रात्रीं आईनें एरव्हीं त्यांचा विधि कसा झाला असता, तें मुलांस नुसत्या शब्दांनीं वर्णन करून सांगितलें. ह्या प्रसंगाचें चित्र कोणत्या दप्तरांत मिळावें?

तरीसुद्धां पान्ह ह्यांनीं दप्तरांकडे पाठ फिरविली नाहीं, हें मला विशेष वाटतें. एस-२१ ह्या तुरुंगांत प्रत्येक बंदिवानाचें छायाचित्र घेऊन, जबानी लिहून, मग त्यास मारीत. बोफाना नांवाच्या एका तरुणीचें असेंच दप्तर उरलें होतें. त्यावरून त्यांनीं १९९६ सालीं तिच्यावर पट केला. जें मारण्यासाठीं लिहिलें, तेंच तिची आठवण राखण्याच्या कामीं आलें. पुढें २००६ सालीं नॉम पेन्ह येथें तिच्याच नांवानें एक दृक्‌श्राव्य संग्रह उघडला. तेथें विखुरलेल्या चित्रफिती व ध्वनिफिती गोळा होतात, आणि कोणासही त्या विनामूल्य पाहतां येतात.

तो पट पाहिल्यावर मीं आमच्या आळींतील एका वृद्ध बाईंकडे गेलों. त्या माझ्या आजीबरोबर शेतावर जात असत. तिचें रूप कसें होतें म्हणून विचारलें. त्या बराच वेळ ओटीवर गप्प बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “फादर, तिच्या डाव्या गालावर तीळ होता कीं!”

मला तो मुळींच आठवत नाहीं. मीं तें वहींत लिहून ठेविलें आहे.